चांदणीचं राहिलेलं जावळ

चांदणी भोईरच्या केसांत पाणी शिरायचं नाही. हे मी आधी पाहिलं. मैत्री नंतर झाली.

आमचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. भाईंदर पश्चिमेच्या त्या आवारात पिण्याच्या पाण्याची टाकी होती. तिचा नळ बिघडलेला होता. उघडला की बाजूला फवारा उडायचा. मुली ओरडत मागे सरकायच्या. चांदणी तिथेच उभी राहून शांतपणे तोंड धुवायची. तिच्या डोक्यावर थेंब बसायचे, अळूच्या पानावर बसतात तसे. मग ती मान झटकायची. थेंब खाली पडायचे. केस कोरडे.

"तुला छत्री नको," मी म्हटलं.

"छत्री नको, शांपू नको," ती म्हणाली. "माझ्या डोक्याला काहीच लागत नाही. सरांनी शिकवलेलं पण नाही."

त्या दिवसापासून आम्ही एका बाकावर बसू लागलो.

ती जवळच्या मुर्धा गावची. आगरी घर. वडील परशुराम पूर्वी मिठागर करायचे. आई रखमाबाई त्यांच्याबरोबर आगरात राबलेली. मिठागर थांबलं तसे वडील रेती-विटांच्या दुकानात ट्रक उतरवून घ्यायच्या कामाला लागले. धाकटा भाऊ सुयोग. घर बैठं, कौलारू, पुढे ओटी. त्या ओटीवर चांदणीचा डोळा होता. तिथे तिला पार्लर काढायचं होतं. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि सांगताना स्वतःची वेणी ओढणीखाली लपवली.

लपवण्यासारखीच होती ती. केस दाट, पण चिकट आणि तरीही रखरखीत. तेल वर थापलेलं. आत काही नाही. कुडत्याच्या पाठीवर वेणीच्या टोकाचा तेलकट डाग कायमचा. शाळेत तिला 'तेलाचा डबा' म्हणायचे. रखमाबाई दर रविवारी तिला पुढ्यात बसवायच्या आणि वाटीभर खोबरेल डोक्यावर जिरवायचा प्रयत्न करायच्या. तेल जिरायचं नाही. कपाळावरून ओघळायचं.

"किती तेल प्यायला दिलं तरी कोरडेच," रखमाबाई म्हणायच्या. "कुनाचं तोंड बंद असलं तर त्याच्यात काय वतनार?"

केस बंद का आहेत, याचं कारणही त्या घरात ठरलेलं होतं.

आगरी घरात मुलाचे पहिले केस कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी उतरवतात. ते जावळ. चांदणीचंही उतरवायचं ठरलं होतं. बोकड बघून ठेवला होता, टेम्पो सांगितला होता. आदल्या दिवशी मोठं उधाण आलं आणि मिठागराचा बांध फुटला. अख्खं घर फावडी घेऊन आगरात उतरलं. कार्ला राहिलं. "पोरीचंच हाय, पुढच्या वर्साला करू," असं आजोबा म्हणाले. पुढच्या वर्षी सुयोग पोटात होता. मग सुयोग झाला. त्याचं जावळ वेळेवर झालं, बँड लावून झालं. चांदणी वडिलांच्या खांद्यावर बसून भावाचं डोकं तासलेलं बघत होती. तिच्या केसांना त्या दिवशी लाल रिबिनी बांधल्या होत्या.

तिच्या जावळाची आठवण परतीच्या वाटेवर झाली. तोवर घाट उतरला होता.

चांदणीचे केस पाणी धरत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा तिची आत्या शेवंती म्हणाली, "जावळ राह्यलंय ना. आईनं केस बंद करून ठेवलेत." शेवंतीआत्या बोलून विसरून गेली असेल. रखमाबाई विसरल्या नाहीत. दर रविवारी तेल लावताना त्यांच्या हातात ते असायचं. चांदणी म्हणायची, "आई तेल नाही लावत गं. माफी मागते."

पहिल्या वर्षाला ती इंग्रजीत नापास झाली आणि तिने कॉलेज सोडलं. मी मराठी साहित्य घेऊन पुढे गेले. ती बेव्हर्ली पार्कमध्ये जिग्नाबेनच्या पार्लरमध्ये लागली. जिग्नाबेन मूळच्या भावनगरच्या. जीभ तिखट, हात हलका. त्यांनी चांदणीला भुवया कोरायला बसवलं आणि तिथेच ठेवलं.

"हेअर का काम कब देगी?" चांदणीने एकदा विचारलं.

"पहले आयने में देख," जिग्नाबेन म्हणाल्या. "जेना पोताना वाळ आवा, उसको कौन अपना सर देगा?"

जिचे स्वतःचेच केस असे, तिच्या हातात कोण डोकं देणार. खरं होतं ते. बोललं गेलं तेव्हा मी तिथेच खुर्चीत होते, एक भुवई झालेली आणि एक राहिलेली.  दुसरी भुवई चांदणीने जरा जास्तच बारीक केली.

मग तिने हट्टाला पेटून सगळं करून पाहिलं. मेंदी लावली, केस आणखी जड झाले. दही लावलं, घरभर वास. अंडं लावलं, त्याची तर गंमतच झाली. अंड्याने सगळ्यांचे केस मऊ होतात. तिचे वाळल्यावर काथ्यासारखे ताठ उभे राहिले. सुयोग म्हणाला, "ताई, हलू नको, खाट विणून घेतो." तीही हसली. नंतर मला म्हणाली, "संपदा, ज्याने लोकांचं बरं होतं त्यानेच माझं बिघडतं. मी काय उलटी जन्मलेय का?"

उत्तर योगायोगाने सापडलं. पार्लरमध्ये चेहऱ्याला वाफ द्यायचं यंत्र होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती ते पुसत होती. वेणीचं टोक वाफेवर आलं. तिने तसंच राहू दिलं. मग सहज ते नळाखाली धरलं.

लगेच मला तिचा फोन आला.

"संपे, पाणी गेलं!"

"आमच्याकडेपण गेलंय," मी म्हटलं. "टँकर सांगितलाय."

"अगं बाई, केसांत गेलं! आत गेलं!"

शांतीनगरमध्ये आमच्या बिल्डिंगखाली सायबर कॅफे होता. मी तिथे नोकरीचे अर्ज पाठवायला जायचे. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एका खुर्चीवर बसलो. मी इंग्रजीत शोधत गेले. खूप वेळ नुसत्या जाहिराती. मग एक पान सापडलं. दूर अमेरिकेतल्या काळ्या बायका एकमेकींशी आपापल्या केसांबद्दल बोलत होत्या. एकीने लिहिलं होतं, माझ्या केसांवर पाणी ओतलं तर ते घसरगुंडी खेळून निघून जातं. मी ते चांदणीला मराठीत सांगितलं. तिने पडद्यावर हात ठेवला.

"ही कोण आहे?"

"माहीत नाही. नाव नाही दिलं."

"हिचं जावळ कुठे राहिलं असेल?" ती म्हणाली, आणि इतकी हसली की मालकाने वळून बघितलं.

त्या बायकांकडे या केसांना नाव होतं. लो पोरॉसिटी. अर्थ साधा होता. केसावर बारीक खवले असतात, एकावर एक रचलेले, छपरावरच्या कौलांसारखे. कुणाची कौलं सैल असतात, पाणी पटकन आत जातं आणि पटकन बाहेर येतं. कुणाची घट्ट बसलेली असतात. पाणी आत जात नाही. एकदा गेलं की मात्र लवकर बाहेर येत नाही. म्हणूनच तिचे केस न्हाल्यावर संध्याकाळपर्यंत वाळायचे नाहीत. आम्हाला ते कधी सुचलंच नव्हतं. केस जन्माचे तसे. दोष नाही, शिक्षा नाही. जड तेल, मलई, मेंदी वर साचते आणि दार आणखी बंद करते. अंड्यासारख्या गोष्टी त्यांना ताठ करतात. त्यांना ऊब लागते आणि पातळ, हलकं काहीतरी.

चांदणीने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. "शिक्षा नाही, असं खरंच लिहिलंय?"

तसं लिहिलेलं नव्हतं. ते मी घातलं होतं. मी म्हटलं, "तसाच अर्थ आहे."

घरी हे करता येणार नव्हतं. मुर्ध्याच्या विहिरीचं पाणी मचूळ. गोडं पाणी नळाला, तेही ठरलेल्या वेळी. तिने एकदा शेवटच्या धुण्याला गोडं पाणी घेतलं तर रखमाबाई ओरडल्या, "प्यावाचं पानी डोक्यावर वतते काय?" आणि तेलाला नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं. म्हणून ती रविवारी दुपारी आमच्याकडे यायला लागली. आमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी, ते तर साबणाचा फेसही होऊ देत नाही. त्यामुळे ती रिक्षातून गोड्या पाण्याचा कॅन घेऊन यायची. घरी काय सांगायची, तर संपदाच्या आईला प्यायला नेते. रखमाबाई त्याबरोबर लिंबं पाठवायच्या.

तिचं सगळं काम मी बाथरूमच्या दारात बसून बघितलंय. आधी रिठ्याचं कोमट पाणी, वर साचलेलं सगळं काढायला. ते दर खेपेला नाही, केस जड वाटले तरच. मग कोमट पाणी थोडं थोडं, एकेक बट हातात धरून, शिरेपर्यंत. पाणी आत गेलं की बटेचा रंग गडद व्हायचा. ती थांबून तो बघायची. मग कंडिशनर, तोही बोटभर, ओल्याच केसांवर. वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. टॉवेल निवला की दुसरा. शेवटी गोड्या पाण्याने धुवायचं. आणि केस ओले, उबदार असतानाच कोरफडीचा पातळ गर आणि बदामाच्या तेलाचे काही थेंब तळहातावर चोळून. डोक्यावर वाटी नाही. थेंब.

"ही मुलगी डोकं धुते की सत्यनारायण घालते?" माझी आई विचारायची.

"प्रसाद शेवटी देईन काकू," चांदणी टॉवेलमधून म्हणायची.

घरी जाण्याआधी ती वरच्या केसांना थोडं खोबरेल चोपडायची आणि घट्ट अंबाडा बांधायची. रखमाबाईंच्या डोळ्यांसाठी. मुलीच्या डोक्यावर तेल दिसलं की त्यांचा जीव शांत व्हायचा. मग त्या स्वतः लावायला बसवत नसत.

एकदम काही झालं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिचे केस बदलले. त्यांना वळण आलं. टोकं तुटायची थांबली. हात घातला तर बोटं अडकायची नाहीत. एका दुपारी जिग्नाबेननी तिची बट बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. काही न बोलता त्यांनी तिच्या हातात कंगवा दिला आणि गिऱ्हाईकाच्या मागे उभं केलं. त्यानंतर ती भुवयांच्या खुर्चीवर परत गेली नाही. तिच्याकडे येणाऱ्या बायका आधी तिचे केस बघायच्या. मग आपलं डोकं तिच्या हातात द्यायच्या. त्यात मुर्ध्याच्या, शेजारच्या राई गावच्या मुलीही यायला लागल्या. त्या म्हणायच्या, "तू इथे कशाला? गावात काढ ना."

ओटीवरच्या पार्लरचं नक्की झालं. दिवाळीनंतर. वडील हो म्हणाले. बोर्ड रंगवून आला. निळ्यावर पिवळी अक्षरं. तो कपाटामागे उभा करून ठेवला.

"आता तरी आईला सांग," मी म्हटलं. "तिला अजून वाटतं तुझे केस बंद आहेत."

"नाही. आता सांगितलं तर म्हणेल, देवीला फसवते." ती बोर्डावरची धूळ पुसत होती. "बोर्ड लागेल ना, त्या दिवशी न्हाऊन केस सोडून तिच्यासमोर उभी राहणार. मग बोलू दे तिला काय बोलायचं ते."

तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर पक्का होता. साडी कुठली, तेही ठरलं होतं.

पावसाळा संपता संपता रखमाबाईंच्या पायावर सूज आली. मग तोंडावर. मूत्रपिंडं निकामी होत होती. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसच्या यंत्रावर न्यावं लागायचं. पाणी मोजून प्यायचं. त्यांना ते फार जड गेलं. आगरात उन्हात राबलेली बाई, तांब्याने पाणी पिणारी. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या. चांदणी पायाशी. अंबाडा घट्ट, वर तेल.

"बघ संपदा," रखमाबाई मला म्हणाल्या. "माज्या अंगातून पानी जात न्हाय, हिच्या केसात येत न्हाय. मायलेकी कशा घडवल्यात बघ."

चांदणी हसली. मीही हसले. रखमाबाई हसल्या नाहीत.

"माजं एकच राह्यलं," त्या म्हणाल्या. "पोराचं केलं, पोरीचं ठेवलं. आईला त्वांड काय दाखवू?"

त्यानंतर त्या रोज तेच बोलत. यंत्रावरून आल्या की डोळे मिटून तेच. परशुरामकाका समजूत घालायचे, "चूक माजी हाय, तू कशाला घेतेस?" त्याने काही फरक पडायचा नाही. शेवटी शेवंतीआत्याने मार्ग काढला. मोठ्या मुलीचं सगळं डोकं कोणी उतरवत नाही, ती म्हणाली. एक बट कापायची. आईच्या पायाशी ठेवायची. ओटी भरायची. जावळ झालं. रखमाबाईंना ते पटलं. "बट दे बाय, बास," त्या चांदणीला म्हणाल्या. "मी सुटते."

एक बट. मला तर बरंच वाटलं. चांदणीने मला फोनवर सांगितलं, शुक्रवारी सुयोगबरोबर सुमोने जातेय. मी म्हटलं, मागची बट दे, दिसणार नाही. ती म्हणाली, "हं."

रविवारी दुपारी बेल वाजली. कॅन नव्हता. दारात चांदणी होती. डोक्यावर ओढणी. तिने ती मागे घेतली.

  डोकं पूर्ण तासलेलं होतं. कानांमागची कातडी पांढरी, कधी ऊन न लागलेली. तिचे कान इतके लहान आहेत हे मला माहीत नव्हतं. माझी आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती. मी दार अडवूनच उभी होते.

"आत तरी घे," चांदणी म्हणाली.

ती पलंगावर बसली. मी जमिनीवर.

"बट सांगितली होती ना," मी म्हटलं.

"बट दिली असती तर आईने उद्या म्हटलं असतं, बटच दिली. परवा म्हटलं असतं, म्हणून बरं वाटत नाही. माझी आई मला माहितीये."  मग हळू म्हणाली, "आणि सुयोगचं सगळं उतरवलं. माझी नुसती बट का?"

 

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, सुटले बाय. रात्री दोन घास जास्त जेवली." चांदणीने गुडघे जवळ घेतले. "म्हणजे झालं ना काम. केस काय, परत येतील."

आणि खरोखरच पुढचे काही दिवस रखमाबाई शांत होत्या. यंत्रावरून आल्या तरी कण्हायच्या नाहीत. शेवंतीआत्या गावभर सांगत फिरली. मला वाटलं, चांदणीचं बरोबर होतं, आणि मी उगीच हादरले.

मग फोटोचं झालं. मी तेव्हा मुर्ध्याला त्यांच्या घरीच होते.

सुयोगकडे नवा मोबाईल होता, कॅमेऱ्याचा. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना चांदणीने अंबाडा सोडला होता. आदल्या संध्याकाळीच न्हायली होती, घरच्यांच्या नकळत, गोड्या पाण्याने. देवीसमोर नीट जायचं म्हणून. वर वारा होता. सुयोगने फोटो काढला. तो फोटो तो आईला दाखवत होता, देवळाचा म्हणून.

रखमाबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ घेतला.

"ही कोन?"

"कोण म्हणजे? ताई."

"ही न्हाय. ही कुनाची पोर हाय? केवडे केस हायेत हिचे."

"आई, ताईच आहे. बघ की. लाल ड्रेस बघ."

रखमाबाई खूप वेळ बघत राहिल्या. पडद्याचा उजेड गेला की त्या मोबाईल सुयोगपुढे धरायच्या. तो बटण दाबायचा. उजेड यायचा. फोटोत चांदणी मागे वळून बघत होती आणि केस वाऱ्यावर उडत होते. भरलेले, काळेभोर, मऊ.

चांदणी आतून चहा घेऊन आली. आईच्या हातातलं बघून दारातच थांबली.

"हे कवा झाले?" रखमाबाईंनी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"मना दाखवलं न्हाय."

"दाखवणार होते. बोर्ड लागला की."

रखमाबाईंनी तिच्या तासलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग परत फोटोकडे. "आईनं आदीच उघडले व्हते," त्या म्हणाल्या. "मग मी कशाला मांगलं?"

"आईने नाही उघडले," चांदणी म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता. "ते बंद नव्हतेच तसे. जन्माचे घट्ट आहेत. गरम पाणी लागतं त्यांना. एवढंच."

"एवडंच?"

"एवढंच आई."

चहावर साय धरली. कोणी प्यायलं नाही. परशुरामकाका उठून ओटीवर गेले आणि तिथे, जिथे पार्लर व्हायचं होतं, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दिवाळी गेली. बोर्ड कपाटामागेच राहिला. जिग्नाबेननी चांदणीला काढलं नाही, पण म्हणाल्या, "थोड़े दिन भुवया कर ले बेटा. गिऱ्हाईक घाबरते." ती परत दोरा घेऊन बसली. डोक्याला रुमाल. गावातल्या मुली यायच्या थांबल्या. आत्याने नवस फेडल्याचं सांगितलं होतं, तरी मागून कुजबुज व्हायची, काही रोग असेल. चांदणी कुणाला काही समजावत बसली नाही.

केस बोटाच्या पेराएवढे वाढले तेव्हा रखमाबाई म्हणाल्या, "ये. मी धुते."

त्यांना बसवत नव्हतं. मोरीत पाट ठेवला, भिंतीला उशी लावली. मी बादली धरली. रखमाबाईंनी चांदणीच्या डोक्यावर तांब्या ओतला. विहिरीचं गार पाणी होतं. नव्या, बारीक केसांवर थेंब उभे राहिले. मग एकेक करून ओघळले. टाळूवरचे केस कोरडे.

रखमाबाईंनी हात थांबवला.

"अजून तसेच," त्या म्हणाल्या.

"तसेच येणार."

"जावळ उतरलं तरी?"

"तरी."

रखमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आगराचा तल आमी पायानं तुडवायचो. पानी खाली जाऊ नये म्हून. पंदरा पंदरा बाया, गानी म्हनत. घट्ट झाला पायजे, तरच मीठ धरतो. तवा आमी त्याला वायट न्हाय बोललो कवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पानी तापव गं. प्यावाचं घे."

मी गोडं पाणी तापवलं. चांदणी सांगत गेली, त्या करत गेल्या. सुजलेल्या हातांनी टॉवेल पिळता येत नव्हता, तो मी पिळून दिला. गुंडाळला मात्र त्यांनी. टॉवेलवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या, तो निवेपर्यंत. मग काढून बघितलं. केस ओले होते, मुळापर्यंत. रखमाबाईंनी ते बोटांनी पुन्हा पुन्हा पाहिले.

"इतका येळ तेल वतत व्हते मी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर आठवड्याला. जोपर्यंत त्यांना बसता येत होतं तोपर्यंत पाटावर, मग खाटेवरूनच, चांदणी खाली डोकं टेकून. मधेच त्या विचारायच्या, "कानापत्तूर आले?" चांदणी म्हणायची, "येतायत." त्यांना फोटोतल्यासारखे बघायचे होते. डोळ्यांनी, मोबाईलमध्ये नाही. सुयोगने तो फोटो मोठा करून आणायचा म्हटलं तर त्यांनी आणू दिला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या गेल्या. चांदणीचे केस तेव्हा कानाच्या पाळीला लागत होते.

मी बाराव्याला गेले. सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत. ते फिटलं की घरातल्या मोठ्या बाईने सगळ्यांच्या डोक्यावर तेल घालायचं. शेवंतीआत्या वाटी घेऊन आली. खोबरेल, काठोकाठ. सुयोगला लावलं, काकांना लावलं. मग चांदणीपुढे आली. मला वाटलं, ती आता हात आडवा करेल. इतकी वर्षं तिने कुणाला डोक्यावर तेल घालू दिलं नव्हतं, आईखेरीज.

चांदणीने मान खाली घातली.

आत्याने वाटी ओतली. तेल केसांवर थांबलं. आत गेलं नाही. मग कपाळावरून, कानांमागून ओघळायला लागलं, पांढऱ्या साडीच्या काठावर. आत्या ते तळहाताने परत वर ढकलत होती, रखमाबाई ढकलायच्या तसं.

"पुस," मी हळू म्हटलं.

"राहू दे," चांदणी म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."

ती तशीच बसून राहिली. तेल हनुवटीवरून गळत होतं. कपाटामागून बोर्डाची निळी कड दिसत होती.

मी आत गेले. चुलीवर गोडं पाणी तापत ठेवलं आणि टॉवेल शोधू लागले.